‘तानाशाह’ कोण होता?

जबलपूरच्या मालवीय चौकात किंवा घंटाघराजवळ निदर्शने कोणत्याही पक्षाची असोत, त्यांतील एक घोषणा ठरलेली असते : ‘तानाशाही नहीं चलेगी!’ महापालिकेने फेरीवाल्यांना हटवले तरी ती दिली जाते, विद्यापीठाने परीक्षेच्या तारखा बदलल्या तरी दिली जाते, आणि रोष भोपाळच्या वा दिल्लीच्या सरकारवर असेल तर विचारायलाच नको. नागपूर-अमरावतीकडून बदलीवर आलेला एखादा मराठी अधिकारी, संरक्षण कारखान्यांत किंवा पश्चिम मध्य रेल्वेच्या मुख्यालयात नोकरीला लागून इथेच स्थायिक झालेला एखादा मराठी गृहस्थ, ही घोषणा कानावर पडताच मनातल्या मनात तिचे भाषांतर करतो. तानाशाही म्हणजे आपली हुकूमशाही. भाषांतर बरोबर आहे. तरीही त्यात काहीतरी निसटते. हुकूमशाहीतला ‘हुकूम’ कळतो. तानाशाहीतला ‘ताना’ कोणता?

गाण्यातली तान इथे उपयोगी नाही. हिंदीत ‘ताना मारना’ म्हणजे टोमणा मारणे, पण टोमणे मारणाऱ्या राजाला कोणी जुलमी म्हणत नाही. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला ‘ताना’ म्हटले की तानाजी आठवतो, आणि त्या वीराचा तर या शब्दाशी दूरान्वयानेही संबंध नाही. उत्तर याहून सोपे व याहून विलक्षण आहे. ‘ताना शाह’ हे एका माणसाचे नाव होते. तो माणूस या देशातल्या दक्षिणेतला एक सुलतान होता, त्याला हुकूमशहा म्हणावे असा पुरावा फारसा नाही, आणि मराठ्यांच्या इतिहासात तो मित्र म्हणून येतो.

अबुल हसन कुतुबशाह हा गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा शेवटचा राजा. १६७२ मध्ये त्याचे सासरे अब्दुल्ला कुतुबशाह वारले आणि जावई गादीवर बसला. त्यापूर्वीची अनेक वर्षे त्याने शाह राजू या सूफी गुरूच्या सान्निध्यात, फकिरीला जवळ असलेल्या अवस्थेत काढली होती. ‘ताना शाह’ हे लाडाचे नावही या गुरूनेच दिले, असे परंपरा सांगते. त्याचा अर्थ कोणी ‘बाळ संत’ असा लावतात, कोणी ‘गोड गळ्याचा’ असा. दोन्ही अर्थांत जुलमाचा लवलेश नाही. राज्य मिळाल्यावर त्याने कारभार सोपवला तो मादण्णा व आकण्णा या दोघा ब्राह्मण भावांवर. मुसलमान सुलतानाच्या दरबारात हिंदू मुत्सद्द्यांनी एवढी सत्ता भोगल्याचे उदाहरण त्या काळच्या दक्षिणेतही विरळाच होते, आणि उत्तरेकडून आलेल्या बखरकारांनी सुलतानाला जी दूषणे दिली त्यांत हे एक ठळक होते.

मराठी वाचकाला हा दरबार अपरिचित नाही. १६७७ च्या आरंभी, दक्षिण दिग्विजयाच्या मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज भागानगरला, म्हणजे आजच्या हैदराबादला, येऊन राहिले, ते याच राजाचे पाहुणे म्हणून. सभासदाच्या बखरीत त्या भेटीचे सविस्तर वर्णन आहे. कर्नाटकाच्या त्या मोहिमेला कुतुबशाहाची रोकड, तोफखाना व फौज यांची साथ मिळाली. हत्तीच्या व मावळ्यांच्या कथा पुढे लोकांनी त्या भेटीभोवती रचल्या. त्यांतल्या किती खऱ्या हा प्रश्न वेगळा. पण ज्या ‘तानाशाहा’च्या नावाने आज चौकाचौकांत मुठी आवळल्या जातात, त्याच्या शेजारी बसून शिवरायांनी तह केला होता, एवढे निर्विवाद आहे.

तेलुगू प्रदेशात तर या राजाची आठवण आणखीच निराळी आहे. भद्राचलमचे राममंदिर ज्याने बांधले तो कंचर्ल गोपन्ना हा मादण्णा-आकण्णांचा भाचा आणि कुतुबशाहीचा महसुली अधिकारी. त्याने सरकारी वसुलीचा पैसा मंदिरासाठी खर्च केला आणि गोवळकोंड्याच्या कोठडीत त्याची रवानगी झाली. (सरकारी तिजोरीचा हिशेब आणि पुण्यकर्म यांचा हा झगडा कोणत्याही काळच्या अधिकाऱ्याला समजावा असा आहे.) पुढे दंतकथा म्हणते, की राम-लक्ष्मणांनी स्वतः येऊन सुलतानाची बाकी मोहरांनी चुकती केली, आणि चकित झालेल्या सुलतानाने गोपन्नाची सुटका केली. भद्राचलमच्या रामनवमीच्या विवाहसोहळ्यासाठी राज्य सरकारकडून मोती व वस्त्रे पाठवण्याची जी प्रथा आहे, तिचा उगमही परंपरेने याच ‘तानीषा’कडे नेला आहे. एकाच नावाचा उच्चार भद्राचलमला आदराने होतो आणि जबलपूरला शिवी म्हणून होतो.

हे घडले कसे? गोवळकोंड्याचा पाडाव ज्यांनी केला, त्यांच्या लेखणीतून याची सुरुवात होते. मुघलांनी १६८५ मध्ये हैदराबाद शहर लुटले. मादण्णा व आकण्णा यांचा १६८६ मध्ये खून झाला. १६८७ च्या आरंभी औरंगजेब स्वतः गोवळकोंड्याला वेढा घालून बसला. किल्ला आठ महिने झुंजला आणि सप्टेंबरमध्ये फितुरीने दरवाजा उघडला तेव्हा पडला. खाफीखानाने त्या पहाटेचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात अबुल हसन घाबरलेला दिसत नाही. त्याला पकडायला आलेल्या मुघल सरदारांसमोर तो शांतपणे न्याहारीला बसतो. विजेत्याच्या बाजूने लिहिणाऱ्यालाही हा तपशील गाळावासा वाटला नाही, हे विशेष.

पण जिंकलेले राज्य जिंकायलाच हवे होते हे सिद्ध करायचे, तर पराभूत राजा ऐषआरामी, स्त्रीलंपट, मद्यपी आणि नालायक असावा लागतो. अबुल हसनच्या नाजूक मिजाजाच्या, चैनीच्या आणि लहरींच्या गोष्टी उत्तरेत रुजल्या. जुन्या उर्दू बोलण्यात ‘ताना शाह’ म्हणजे ज्याला काहीही पसंत पडत नाही असा अतिनाजूक मिजाजाचा माणूस. लखनौ-दिल्लीच्या घरांत नाक मुरडणाऱ्या जावयाला लावावे असे ते विशेषण होते. तिथून पुढचा प्रवास समजण्यासारखा आहे. जो नाजूक तो लहरी, जो लहरी तो मनमानी करणारा, आणि मनमानी करणारा सत्तेवर असेल तर तो जुलमी. विसाव्या शतकात मुसोलिनी व हिटलर यांच्या बातम्या छापण्याची वेळ आली तेव्हा हिंदीला एक सुटसुटीत शब्द हवा होता, आणि गोवळकोंड्याच्या पदच्युत राजाचे नाव त्या कामी आले.

कोशकारांनी सुचवलेला पंडिती पर्याय ‘अधिनायक’ हा होता, आणि ‘अधिनायकवाद’ हा शब्द राज्यशास्त्राच्या हिंदी पुस्तकांत अजूनही आहे. पण त्याची एक पंचाईत होती. राष्ट्रगीताच्या पहिल्याच ओळीत हाच शब्द स्तुतीच्या अर्थाने बसला आहे. सकाळी शाळेत ज्या अधिनायकाचा जयजयकार करायचा, त्याच्याच नावाने संध्याकाळी चौकात ‘मुर्दाबाद’ कसे म्हणायचे? घोषणेला असा घोटाळा चालत नाही. शिवाय ‘तानाशाह’मध्ये जी ठसक आहे ती संस्कृत शब्दात नाही.

शब्दांच्या बाबतीत असे उलटेपालट होणे नवे नाही. ग्रीकांच्या ‘तिरान्नोस’ला मुळात वाईट अर्थ नव्हता, वारसाहक्काने नव्हे तर स्वतःच्या बळावर सत्ता घेणारा तो तिरान्नोस. रोमन ‘डिक्टेटर’ हा तर कायदेशीर पदाधिकारी होता, संकटकाळी जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी नेमलेला. आपल्याकडे १९३०च्या सविनय कायदेभंगात काँग्रेसने एकामागून एक ‘डिक्टेटर’ नेमले. एक तुरुंगात गेला की दुसरा त्याची जागा घेई, आणि ती पदवी मानाची मानली जाई. मराठीत त्यांना ‘सर्वाधिकारी’ म्हणत. पुढील दहा वर्षांत युरोपात जे घडले त्यानंतर ती पदवी कोणी स्वतःला लावून घेतली नसती.

मराठीने या बाबतीत काय केले? मराठीचे शब्दही माणसांवरून व घराण्यांवरून आले, फक्त नावे निराळी. ‘सुलतान’ हा अरबी शब्द मुळात नुसती सत्ता वा अधिकार दाखवतो. मराठीत ‘अस्मानी’च्या जोडीला ‘सुलतानी’ बसली आणि दुष्काळाइतकीच राजसत्ता हीही एक आपत्ती ठरली. सारा वसूल करणाऱ्याचा घोडा आणि न आलेला पाऊस यांना शेतकऱ्याने एकाच समासात बसवले, यात त्याचे सारे राज्यशास्त्र आले. ‘मोगलाई’ हा शब्द तर दुहेरी चालला. मराठवाड्याच्या सीमेवरच्या गावांत तो निजामाच्या मुलखाचे साधे नाव होता, आणि पुण्याकडे ‘मोगलाई लागून गेली आहे काय?’ म्हणजे कायदा-कानून उरला नाही काय, असा सवाल. ‘पेंढारशाही’, ‘बेबंदशाही’, ‘झोटिंगशाही’ ही त्याच कुळातली भावंडे. गंमत अशी की यांतल्या ‘शाही’ने मराठीचा पिच्छा इतका पुरवला, की जनतेच्या राज्यालाही आपण ‘लोकशाही’ म्हणतो. हिंदीने तिथे ‘तंत्र’ पसंत केले. मराठीने लोकांना शाह करून टाकले.

जबलपूरच्या मराठी माणसाने मात्र आणखी एक शब्द लक्षात घ्यायला हवा, आणि तो जरा बोचणारा आहे. इथल्या हिंदी वर्तमानपत्रांत गुंडांनी दुकानदारांकडून हप्ता उकळल्याची बातमी येते, तेव्हा मथळा पुष्कळदा ‘चौथ वसूली’ असा असतो. चौथ, म्हणजे चौथाई. मराठी इतिहासाच्या पुस्तकात ज्या शब्दापाशी छाती फुगते, तोच शब्द नर्मदेच्या काठावर खंडणीखोरीचा पर्याय झाला आहे. बंगालमध्ये तर ‘बारगीर’ या निव्वळ लष्करी शब्दाचा ‘बर्गी’ झाला, आणि १७४०च्या दशकातल्या भोसल्यांच्या स्वाऱ्यांपासून तिथल्या आया मुलांना त्या नावाने झोपवू लागल्या. जबलपूर-मंडल्याचा मुलूख १७८१ मध्ये गोंड राजांकडून पेशव्यांच्या सागरच्या सुभेदारीकडे गेला, १७९८ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांकडे आला, आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी तो घेतला. त्या छत्तीस वर्षांचे जे चित्र आज उपलब्ध आहे ते बरेचसे इंग्रज अधिकाऱ्यांनी रंगवलेले आहे, आणि त्यांच्यापाशीही तेच कारण होते जे औरंगजेबाच्या बखरकारांपाशी होते : आधीचे राज्य जितके काळे, तितके आपले उजळ. हे जमेस धरूनही ‘चौथ’ हा शब्द इंग्रजांनी हिंदीत घुसवलेला नाही, हे मान्य करावे लागते. तो ज्यांनी चौथ भरली त्यांच्या बोलीतून आला आहे.

राज्यकर्त्याला नाव देण्याचे काम असे दोन ठिकाणी होते. एक, जो जिंकतो त्याच्या दफ्तरात. दुसरे, जो भरतो त्याच्या ओसरीवर. ‘तानाशाह’ पहिल्या ठिकाणचा, ‘चौथ’ दुसऱ्या. पण दोहोंत एक समान खोट आहे. जुलूम म्हणजे कोणीतरी एक माणूस वा एक टोळी, अशी समजूत हे शब्द करून देतात. त्या समजुतीची परीक्षा ज्या शहरात झाली, ते योगायोगाने जबलपूरच आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, तेव्हा राजधानी भोपाळला गेली आणि उच्च न्यायालय जबलपूरला आले. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. हिदायतुल्ला हेच नव्या न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायमूर्ती झाले. नागपूरहून त्यांच्यामागोमाग जी मंडळी या शहरात आली, त्यांत मराठी घरे थोडी नव्हती. या शहराचे संसदेतील प्रतिनिधी दीर्घकाळ सेठ गोविंददास होते, हिंदीचे कट्टर पुरस्कर्ते. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पोटनिवडणुकीत जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाचा उमेदवार म्हणून शरद यादव हा इथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातला सत्तावीस वर्षांचा विद्यार्थी नेता निवडून आला. काँग्रेसचा हा बालेकिल्ला ढासळल्याचा आवाज दिल्लीत ऐकू गेला. ‘तानाशाही’ ही घोषणा त्या वर्षांत उत्तर भारतभर घुमू लागली, आणि तिचा रोख एकाच व्यक्तीवर होता.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ व २२ यांखालील हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद करण्यात आली. अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, म्हणजे सर्वतोमुखी झालेल्या ‘मिसा’खाली, धरपकड सुरू झाली. शरद यादव तुरुंगात गेले. मूळचे पुण्याचे व त्या वेळी बिहारमधील बांका मतदारसंघाचे खासदार असलेले मधू लिमये यांनाही मध्य प्रदेशातच अटक झाली. लोकसभेने स्वतःची मुदत वाढवून घेतली तेव्हा, पाच वर्षांसाठी मिळालेला कौल संपला असे सांगून या दोघांनी तुरुंगातून खासदारकीचे राजीनामे दिले. तसे करणारे फार नव्हते.

जबलपूरचे शिवकांत शुक्ल हेही अशा स्थानबद्धांपैकी एक. त्यांच्या स्थानबद्धतेच्या हुकमाखाली पंतप्रधानांची सही नव्हती, गृहमंत्र्यांची नव्हती, मुख्यमंत्र्यांचीही नव्हती. मिसाच्या तिसऱ्या कलमाने हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांना, आणि राज्य सरकारने खास अधिकार दिलेल्या अपर जिल्हादंडाधिकाऱ्यांना दिला होता. शुक्ल यांनी उच्च न्यायालयात देहोपस्थितीचा, वकिलांच्या बोलीत ‘हेबियस कॉर्पस’चा, अर्ज केला. राष्ट्रपतींचा आदेश असताना असा अर्ज चालूच शकत नाही, हा सरकारचा आक्षेप मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने फेटाळला : हुकूम मिसाच्या चौकटीत तरी आहे की नाही, हे पाहण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. देशातील एकूण नऊ उच्च न्यायालयांनी अशीच भूमिका घेतली. मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ त्यांतले एक. सरकार अपिलात गेले. सर्वोच्च न्यायालयापुढे जो खटला उभा राहिला त्याला पहिल्या अपिलाचे नाव मिळाले : ‘अपर जिल्हादंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’.

पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे युक्तिवाद सुरू झाला तो डिसेंबर १९७५ मध्ये. स्थानबद्धांच्या बाजूने शांतिभूषण होते, सोली सोराबजी होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती, सासवडचे वि. म. तारकुंडे होते. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले, की अनुच्छेद २१ मध्ये स्वातंत्र्याबरोबर जीविताचाही उल्लेख आहे. एखाद्या पोलीस अधिकाऱ्याने खासगी वैरातून कोणाला ठार मारले, तरी त्यावर उपाय नाही काय? डे यांनी उत्तर दिले, की आपला युक्तिवाद शेवटपर्यंत न्यायचा तर आणीबाणी असेपर्यंत नाही. त्या उत्तराने न्यायालय हादरेल अशी काहींची अपेक्षा होती. ती फोल ठरली. २८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला, चार विरुद्ध एक. सरन्यायाधीश अ. ना. रे, न्या. मि. ह. बेग, न्या. य. वि. चंद्रचूड आणि न्या. प्र. न. भगवती एका बाजूला, खन्ना एकटे. स्थानबद्धांची काळजी सरकार जवळजवळ मातेच्या मायेने घेत आहे, अशा आशयाचे वाक्य बेग यांच्या निकालपत्रात आहे. नऊ उच्च न्यायालयांचे निर्णय त्या दिवशी पुसले गेले. जानेवारी १९७७ मध्ये खन्नांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

या खटल्याच्या शीर्षकाकडे नीट पाहिले तर ते विलक्षण आहे. ज्या सत्तेला चौकात ‘तानाशाही’ म्हटले जात होते, तिचा प्रतिनिधी म्हणून देशाच्या सर्वोच्च न्यायालयात कोणी शाह उभा नव्हता. एक पद उभे होते. त्या पदावर त्या वेळी कोण होते हे कायद्याच्या विद्यार्थ्यांना सांगता येत नाही, आणि कोणी विचारतही नाही. अबुल हसन कुतुबशाहाचे नाव न केलेल्या जुलमासाठी तीनशे वर्षांनंतरही घेतले जाते. ज्यांच्या सहीने माणसे एकोणीस महिने आत राहिली, ते अधिकारी मात्र पदनामाच्या आड सुरक्षित राहिले.

हे केवळ जबलपूरचे नाही. जनता सरकारने नेमलेल्या न्या. जे. सी. शहा आयोगाने मिसाखालील स्थानबद्धांची संख्या ३४,९८८ नोंदवली. भारत संरक्षण नियमांखाली अटक झालेले ७५,८१८ निराळे. यांतील प्रत्येकामागे एक कागद होता. पोलिसांनी यादी द्यावी आणि दंडाधिकाऱ्याने स्वतःचा विवेक न वापरता तिच्यावर सही करावी, असे किती ठिकाणी घडले याचे तपशील आयोगापुढे आले. वरून तोंडी सांगण्यात आले होते, असे अनेकांचे म्हणणे. त्यांतले पुष्कळ अधिकारी क्रूर नव्हते, कार्यक्षम होते. घरी परतल्यावर मुलांचा अभ्यास घेणारे असतील. नवीन दुरुस्तीने स्थानबद्धतेची कारणे कळवण्याचीही जबाबदारी काढून टाकली होती, त्यामुळे कागद लिहिणे आणखी सोपे झाले होते. कारण लिहावे लागले की हात थोडा थांबतो.

आणीबाणीनंतर काही दुरुस्त्या झाल्या. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही अनुच्छेद २० व २१ स्थगित करता येणार नाहीत, अशी तरतूद केली. ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण जाऊन तिथे ‘सशस्त्र बंड’ आले. निकाल मात्र चाळीस वर्षे पुस्तकात तसाच राहिला. भगवतींनी २०११ मध्ये आपली चूक झाल्याचे जाहीरपणे कबूल केले. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्काविषयीच्या पुट्टस्वामी खटल्यात, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निकाल रद्दबातल ठरवला. बहुमतातील चारही निकालपत्रे गंभीर दोषांनी भरलेली आहेत, असे ज्या न्यायमूर्तींनी लिहिले ते धनंजय चंद्रचूड. त्या चार निकालपत्रांतले एक त्यांच्या वडिलांचे होते. मराठी घरांत या गोष्टीची चर्चा बाप-लेकाची गोष्ट म्हणून झाली, आणि ते साहजिक होते. जबलपूरच्या वकिलांच्या खोलीत मात्र वेगळी भावना असणार, कारण त्यांच्या उच्च न्यायालयाने १९७५ मध्ये जे म्हटले होते तेच अखेर बेचाळीस वर्षांनी बरोबर ठरले. तरी निकालाचे नाव ‘एडीएम जबलपूर’ असेच राहिले. ज्या शहराच्या न्यायालयाने नकार दिला, त्याच शहराच्या नावाला कायद्याच्या पुस्तकात तो डाग चिकटला आहे. अबुल हसनच्या नावाचे जे झाले, त्याच जातीचा हा अन्याय.

अबुल हसनचा शेवट महाराष्ट्राच्या भूमीत झाला. औरंगजेबाने त्याला दौलताबादच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. त्याला ज्या चिनी महालात ठेवले होते त्याचे अवशेष आजही पर्यटकांना दाखवतात. बारा-तेरा वर्षे कैदेत काढून तो तिथेच वारला आणि जवळच्या खुलताबादेत त्याला पुरले. त्याच्यावर कोणता खटला चालला नाही, की कोणते कारण त्याला लेखी कळवले गेले नाही. १७०७ मध्ये त्याचा कैद करणाराही त्याच खुलताबादेत येऊन विसावला. तिथे जाणाऱ्या गाड्या बहुधा दुसऱ्या कबरीपाशी थांबतात.

जबलपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात अपर जिल्हादंडाधिकाऱ्याचे पद आजही आहे. शस्त्रपरवाने, मिरवणुकांच्या परवानग्या, तडीपारीची प्रकरणे त्याच्या मेजावरून जातात. मिसा गेला, १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला, ज्याला हिंदी वर्तमानपत्रे ‘रासुका’ म्हणतात आणि ज्याचा उल्लेख इथल्या बातम्यांत अधूनमधून येतच असतो. त्याखाली स्थानबद्ध केलेल्या माणसाला सर्वसाधारणपणे पाच दिवसांत कारणे लेखी कळवावी लागतात, आणि राज्य सरकारने बारा दिवसांत मंजुरी दिली नाही तर हुकूम संपतो. सही करण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्याला आणि पोलीस आयुक्ताला देता येतो. अपर जिल्हादंडाधिकाऱ्याचे नाव त्या कलमात नाही.